मी आलो

सीपीआरच्या दारासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दिवसभर दुसऱ्यांचे कागद हातातून जातात,
केसपेपर, सात-बारा, मयताचा दाखला पाच प्रतींत,
गडबडीत काचेवरच राहिलेलं कुणाचं आधार कार्ड.
कागद अजून ऊन असतो
तोवर माणूस निघून गेलेला असतो.

रात्री शटर अर्धं ओढून
बिघडलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहिते.
भाचा विराज विचारतो, मावशी, कुणाला दाखवायचंय?
नाही.
मग कशाला?
त्याला सांगितलं, अक्षर बिघडू नये म्हणून.
खोटं. अक्षर कधीच बिघडलंय.

हौसाक्काचा शेवटचा फोन आला तेव्हा
गंगावेशीतून आणलेलं दूध गॅसवर होतं.
ती काहीतरी सांगत होती, हसत हसत,
कागलच्या कुठल्याशा लग्नाचं.
मी हूं हूं केलं. दूध उतू गेलं.
आज आठवतो तो करपट वास,
ओटा पुसलेलं फडकं, त्याची निळी किनार,
आणि तिचं एक वाक्यही नाही.

तेव्हापासून लिहून ठेवते.
म्हणजे फार काही नाही.
आज टोनर संपला.
चहावाले पिराजीराव मुलीचा निकाल सांगून गेले, दोनदा.
आजऱ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं
बायकोच्या एक्स-रेची झेरॉक्स मागितली.
निघत नाही हो, म्हटलं.
तरी काढून बघा, म्हणाला.
काढली. सगळा कागद काळा आला.
त्यानं घडी घालून खिशात ठेवला
आणि दोन रुपये मोजून दिले.

हे कुठं ठेवायचं माणसानं?
रोजमेळात याला रकाना नाही.

आणि एक, विराजलाही न सांगितलेलं.
चौथीत निबंधात लिहिलं होतं,
‘मी आईबरोबर रंकाळ्यावर गेलो.’
देशमाने बाईंनी लाल शाईनं गोल केला.
मुलगी ना तू? गेले लिही.
घरात आई गेलो म्हणायची, हौसाक्का आलो म्हणायची,
अख्ख्या गल्लीतल्या बायका जेवलो, झोपलो, दमलो.
मीही बोलताना तशीच.
कागदावर तेवढी गेले, आले, लिहिते,
पाहुण्यांत बसल्यासारखी, पदर सावरून.

परवा हात घसरला.
‘आज लई दमलो.’
खोडायला पेन टेकवलं
आणि ऐकू आला,
शब्दांआधी नुसता आवाज,
उंबऱ्यात चप्पल काढतानाचा, थोडा धापलेला:
आलो गं बाई, पाणी दे आधी.

खोडलं नाही.
कागदाच्या मागं कुणाच्या तरी रक्तातली साखर छापलेली,
उपाशीपोटी दोनशे चाळीस.
पुढं मी लिहितो.