मिठाचा हिशेब

क्लीव्हलंडला ईरी सरोवराच्या तळाखाली
मिठाची खाण आहे.
जानेवारीत मीठ रस्त्यांवर पडतं,
माझ्या बुटांना पांढरी किनार धरते
आणि ऑफिसच्या गालिच्यावर
मी कुठून कुठे गेले ते दिवसभर दिसत राहतं.

या क्लबात मी आकडे बघते.
बेसबॉल खेळता येत नाही,
मुलाखतीतच सांगून टाकलं होतं.
चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटला,
किती अंशांत चढला, कुठे पडला,
एवढं कळतं.

सोमवारी थॉर्नबरी म्हणाला,
किन्योनेसचा एजंट सात वर्षं मागतोय.
द्यायची का, शुक्रवारपर्यंत सांग.

एलिआस किन्योनेस. चौतीस पूर्ण, मार्चमध्ये पस्तीस.
तीनशे बारा होमरन.
त्यातला एक थेट पार्किंगमध्ये,
पावाच्या गाडीच्या काचेतून आत.
बेकरीवाल्यानं ती काच अजून बदललेली नाही.

माझा आलेख दुष्ट नाही, नुसता उतरता आहे.
बत्तिसाव्या वर्षापर्यंत टेकडी, पुढे घसरण,
अडतिसाव्याला तर कागदच संपतो.
बॅटचा वेग दर मोसमाला थोडा गळतो,
माठ झिरपावा तसा, आवाज न करता.
पिकलं पान गळायचंच,
हे सांगायला मला पगार देतात.
मी लिहिलं: तीन वर्षं. फार तर.

लॉन्ड्रीतला लेनर्ड प्शिबिल्स्की
एकतीस वर्षं सगळ्यांचा घाम धुतोय.
तो म्हणाला,
"त्याच्या पहिल्या सहा वर्षांचा पगार बघितलास?
चाळीस-चाळीस मारायचा पोरगा,
आणि तुम्ही नियमात बसेल तेवढं
हातावर ठेवायचात.
आता नियम त्याच्या बाजूनं फिरला,
तर लगेच आलेख आठवला होय?"

जुन्या फायली काढल्या. खरंच होतं.
माझ्या तक्त्यात गुडघ्याला रकाना होता,
खांद्याला होता,
डावखुऱ्या पिचरसमोरच्या ऑगस्टमधल्या रात्रींनाही होता.
उधारीला नव्हता.

गुरुवारी तो स्वतःच आला,
टोपीवर बर्फ, हातात दोन कॉफ्या.
"माझं चित्र दाखव."
दाखवायचं नसतं. दाखवलं.
उतारावरून बोट फिरवत गेला,
पोस्टमन गल्लीतली घरं सांगतो तसा.
"हा गुडघा.
ही आई गेली तेव्हाची.
आणि हे इथलं... हे काय ते मलाही ठाऊक नाही.
इथून चेंडू उशिरा दिसायला लागला."
पडद्यावरचं बारीक अक्षर वाचायला
त्यानं डोळे किलकिले केले.
मी पाहिलं. कुठे नोंदवलं नाही.

"किती लिहिलीस?"
तीन.
हसला. "मी दोनच लिहिली असती.
एजंटला बोलू नकोस."
दाराशी जाऊन वळला.
"पण मागणार सातच.
दोन खेळायची.
पाच, तुम्ही तेव्हा मोजायला विसरलात ती."

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतो आपण.
कुणी कुणाचं खाल्लं,
ते काही म्हण सांगत नाही.

शुक्रवारी अहवाल दिला. तीनच वर्षं.
चौथं वर्ष मला कितीही ताणलं तरी दिसेना.
खाली एक ओळ वाढवली:
उरलेली चार द्यायची तर द्या,
पण ती खेळाच्या खात्यात धरू नका,
जुन्या देण्याच्या खात्यात धरा.

थॉर्नबरीनं चष्मा कपाळावर चढवला.
"ही ओळ कुठल्या मॉडेलमधून आली?"

"लॉन्ड्रीतून," मी म्हटलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
खाली मिठाची गाडी चालली होती,
बर्फ होता तिथे
आणि नव्हता तिथेही
सारखंच टाकत.