धूर नही देत

वायकोळेकाकांनी डबा काउंटरवर ठेवला,
केळीच्या वेफर्सचा, तळाला मीठ अजून चिकटलेलं,
आणि आत, गमछ्यात गुंडाळून, इंजिन.
बामणोदच्या भरताच्या वांग्याएवढं,
वजन मात्र तेवढ्याच लोखंडाचं.
डिकॉस्टा गार्डच्या घरचं सामान निघालं तेव्हा घेतलेलं.
"चालते. शिटीबी देते.
धूर नही देत."

माझ्या पाटीवर मिक्सर आहे, पंखे आहेत,
कूलरची मोटर, विहिरीतली मोटर.
धूर नाही.
इथं धूर येतो तो आपला आपण,
वाइंडिंग जळालं की,
आणि लोक तो थांबवायला येतात.

मे महिना. जामनेर रोडवर डांबर चपला धरून ठेवतंय.
मी चार स्क्रू काढले, मुंगीच्या डोक्याएवढे,
उडतील म्हणून कूलर बंद केला,
आणि आम्ही दोघं घामाने निथळत
एका पितळी बोळक्यात पाहत राहिलो.
वात काळी, कडक.
वास ओळखीचा.
"यात काय घातलं होतं, काका?"
काका बंद कूलरकडे बघायला लागले.
"देवापुढचं."

मीटर लावला.
पडद्यावर डावीकडे एकटाच एक.
नवख्याला वाटतं, एक म्हणजे थोडं तरी आहे.
एक म्हणजे तार तुटली.
एक म्हणजे पलीकडून कुणी बोलत नाही.

"अकरा वर्सं फायरमन होतो, पोरी.
धुरापायी दोनदा मेमो भेटला मले.
काया धूर म्हन्जे कोयसा वाया.
इन्स्पेक्टर पुलावर उभा राहे,
चिमनीतून धूर दिसला का नंबर लिहे."
फावडं धरल्यासारखे त्यांचे हात
माझ्या स्टुलाभोवती हलत होते.
कोपरे आधी भरायचे, मधलं शेवटी,
थर पातळ, भाकरीसारखा,
भट्टीचं दार किती उघडं ते मनगटाला कळायचं.
रात्रभर मनमाडपर्यंत
आभाळाला डाग लागू द्यायचा नाही,
ही नोकरी.

मग आता कशाला, हे मी विचारलं नाही.
दातात तार होती.

इस्त्रीच्या सुट्या सामानातली नायक्रोम,
केसाहून जरा जाड,
सतरा वेढे, एकाला दुसरा टेकू न देता.
वातीसाठी काचेच्या धाग्याची नळी उसवली,
बोटं अजून खाजतायत.
मीटर आता सत्तावीस म्हणाला.
तेलाला मेडिकलवर गेले.
"लिक्विड पॅराफिन? कुणाला होत नाहीये?"
बोदडेंनी आवाज कमी केला नाही.
"इंजिनाला," मी म्हटलं,
आणि रांगेतली एक बाई काळजीने माझ्याकडे बघायला लागली.

बारा थेंब. मोजून.
दोन फूट रूळ काउंटरवर, सोल्डरच्या डागांमधून.
करंट दिला. चाकं फिरली, शिटी झाली,
बोळकं गरम झालं,
आणि काही नाही.
शेजारच्या रसवंतीचं घुंगरू वाजत राहिलं.
मी पुन्हा मीटर उचलला. सत्तावीसच.
वात ओली. तेल आहे. ताप आहे.

"बुडबुडा अडकला असेल चिमणीत," मी म्हटलं.
"फुंका जरा. हलकेच."

काकांनी चष्मा काढला.
वाकले, बशीतल्या चहावर वाकावं तसे,
ओठ गोल केले,
आणि आयुष्यभर ज्या भोकाशी वैर केलं
त्यात फुंकर घातली.

आतून एक बारीक टक.
मग धागा. पांढरा.
कूलर बंद, वारा नाही,
तो सरळ वर गेला, ट्यूबलाइटपर्यंत,
तिथं जरा वाकला,
आणि मागून दुसरा आला.

काकांनी आधी दाराकडे पाहिलं.
तिथं कुणी नव्हतं. ऊन होतं, एक सायकल होती.

"अजून दोन थेंब टाक," म्हणाले.
"जास्त झालं तर गुदमरेल, काका."
त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.
"टाक."