पंचाहत्तर ग्रॅम

मल्हारगंजच्या प्रसूतिगृहात
मंगळवारी साखर मीच कालवते.
पंचाहत्तर ग्रॅम, पेलाभर पाणी.
चमचा काचेवर वाजला
की बाकड्यावरच्या सगळ्याजणी वळून बघतात,
जणू सरबत येतंय.

पाच मिनिटांत संपवायचं, म्हणते मी.
ओकलात तर उद्या परत या.
मग दोन तास. कुठे जायचं नाही,
बाहेरच्या पोह्यांच्या गाडीवर तर नाहीच.

मुनीरा घोट घोट पिते,
रिदाच्या झालरीला तोंड पुसते.
लालवानींची कंचन नाक दाबते.
रामकन्या सांवेरकडची, बावीस वर्षांची,
विटा वाहून मनगटं सुतळीसारखी.
ती एका दमात पेला रिकामा करते
आणि तळाशी उरलेलं बोटाने चाटते.

अर्ज मी भरते.
घरात कुणाला शुगर?
"सासूला आहे ना!" तनुजा दिघे ठासून सांगते.
लिहिलेलं खोडते मी.
सासू रक्तातून येत नाही,
निदान ह्या कागदापुरती तरी.
आईला? आईची कधी तपासलीच नाही.
वडिलांना? पाय कापला होता त्यांचा,
कशाने कोण जाणे.
ह्या "कोण जाणे"ला
अर्जात चौकट नाही.

दोन तासांत बाकड्यावर निकाल आधीच लागलेला असतो.
सगळ्या कंचनकडे बघतात:
अंगाने भरलेली, वय अडतीस,
सराफ्यात सासऱ्यांचं मिठाईचं दुकान.
कंचनही हसते, हरल्यासारखी.

साडेबाराला सुया.
कंचन एकशे अठरा.
मुनीरा एकशे एकसष्ट.
रामकन्या एकशे चौऱ्याण्णव.
नवी पट्टी लावून पुन्हा करते.
एकशे त्र्याण्णव.
"पण मी गोड खातच नाही," ती म्हणते.
"गोड मिळतं कुठे, दीदी?"

एकशे चाळीसला रेघ.
तिच्या पलीकडच्यांना लाल गोल.
आज चौदांत तीन.
गेल्या मंगळवारी अकरांत एक.
त्याच्या आदल्या मंगळवारी एकही नव्हता,
रजिस्टर मिटताना मी उगीच हलकी झाले होते.

तुमचा दोष नाही, सांगते मी,
बाळाला पोसणारी वारच
इन्सुलिनचा हात धरून ठेवते.
कुणाचं शरीर जोर लावून तो सोडवून घेतं,
कुणाला नाही जमत.
कुणाला ते काही तोंडावर लिहिलेलं नसतं,
म्हणून तर हा पेला सगळ्यांना.
पोळ्या मोजून, भात अर्धा,
जेवणानंतर चालायचं.
रामकन्येला "चाल" म्हणताना जीभ अडखळते.
ती दिवसातून चाळीस वेळा तीन मजले चढते,
डोक्यावर दहा विटा.

एकला मी डबा उघडते.
माझा सौमित्र साडेचार किलोचा झाला,
ह्याच शहरात, सत्त्याण्णव साली.
सासऱ्यांनी वजन सांगत सांगत
अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.
पहिल्याच रात्री तो थंड पडला, थरथरला.
साखरेचं पाणी चाटवलं, सावरला.
का झालं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
मला कुणी हा पेला दिला नव्हता.

जेवणाआधीची गोळी घेते,
त्यातल्याच एका पेल्यातून.
कितीही धुतला तरी कड चिकटच लागते.

दारात रामकन्या.
नवरा यायचाय, मोटरसायकल मागून आणायला गेलाय.
"दीदी, आता तरी खाऊ का काही?"
सकाळपासून पोटात त्या पेल्याशिवाय काही नाही.

ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मुगाची उसळ.
स्टूल पुढे ओढते, झाकणात तिचं वाढते.
एक तिला, एक मला.
मोजून खायचं
दोघींनाही आहे.