धारोष्ण

एकेचाळीस नंबरची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली,
जोगेश्वरीच्या तबेल्यात, पहाटे तीनला.
रामसमुझचा फोन: घाडीसाहेब, जार अडकलाय.
मी साहेब नाही. ड्रेसर.
साहेब ठाण्याला राहतात, आणि तीनला झोपलेले असतात.

हातमोजे पिशवीत होते, एक फाटका.
खांद्यापर्यंत हात घातला.
आत एकेक बटण असतं, ते चाचपून सोडवायचं,
झोपलेल्या पोराच्या अंगातला कोट काढावा तसं.
पारडू गोणपाटावर पडलेलं,
खूर मेणासारखे मऊ, जमिनीला कधीच न लागलेले.

मग रामसमुझने पेला पुढे केला,
शेजारच्या म्हशीचं, फेस अजून बोलत असलेलं.
देवगडला लहानपणी आम्हाला हेच सांगितलेलं:
धारोष्ण पिणाऱ्याला ताप शिवत नाही.

ताप महिन्याने आला.
दिवेलागणीला यायचा,
पहाटे चादर पिळायला लावून जायचा,
पाळीवरच्या कामगारासारखा, एकही खाडा नाही.
कमरेत कोणी पाचर ठोकून विसरून गेलेलं.
मलेरिया म्हणाले. निघाला नाही.
टायफॉइड म्हणाले. गोळ्या संपल्या, ताप नाही.
छातीचा फोटो स्वच्छ.
एकाने बायकोला बाजूला घेऊन विचारलं,
घरात काही टेन्शन?
मग जिथे सूज आली
ते तिलाही सांगवेना.

परळच्या ओपीडीत एक पोरगी डॉक्टर,
डबा न उघडता तिसऱ्या प्रहरापर्यंत बसलेली,
केसपेपरातून मान वर न करता म्हणाली:
काम काय करता?
पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणी विचारलं.
जनावरं सोडवतो, म्हणालो. अडलेली.
तिने पेन खाली ठेवलं.

मोठ्या लॅबचा रिपोर्ट यायला आठवडा.
मला धीर नव्हता. आमच्याच लॅबमध्ये गेलो,
नियमात बसत नाही, तरी.
पांढऱ्या टाइलवर एक थेंब माझा,
एक त्या गुलाबी औषधाचा.
चार मिनिटं हलवायचं असतं.
हजारो म्हशींचं हलवताना मी इथे उभा राहिलोय,
चार मिनिटं एवढी लांब असतात ते माहीत नव्हतं.
तिसऱ्यालाच कण उठले, नासलेल्या दुधासारखे.
नीलांबरीने रजिस्टर ओढलं,
सवयीने विचारलं: बिल्ला नंबर?
आणि मग दोघेही गप्प.

सहा आठवडे गोळ्या. लघवी शेंदरी.
एकेचाळीसचा रिपोर्ट येण्याआधीच
शेटने तिला रात्री टेम्पोत घातलं.
कल्याणच्या बाजूला, एवढंच कळलं.
तिचं दूध आता कुणाच्या तरी चहात
तीन-तीन वेळा उकळत असेल.
या शहराला कोण वाचवतं
ते या शहराला ठाऊक नाही.
टपरीवरचा एक काळा पडलेला टोप,
आणि दाट चहाची हाव.

परवा परत फोन. परत तीन वाजता.
दोन्ही मोजे घातले, वर प्लास्टिकची पिशवी बांधली.
काम झाल्यावर रामसमुझने पेला धरला.
उकळून आण, म्हणालो.
तो हसला. उकळल्यावर धारोष्ण कसलं, साहेब?
पेला परत देताना बोटं बोटांना लागली.
गरम होती.
दुधाची ऊब असेल म्हणून पिशवी उचललीही होती.
मग खाली ठेवली.
संध्याकाळी ताप येतो का रे?
त्याने माझ्याकडे नाही,
म्हशींच्या रांगेकडे पाहिलं.