ताक म्हणजे हो

मानधन आठशे रुपये आणि काम एवढंच:
प्रत्येक गाण्याआधी कवितेचा सारांश वाचायचा
मराठीत, चार ओळींत.
"भाव ती आणेल," आयोजक उकिडवे म्हणाले, "तुम्ही नका."
आकाशवाणीवर सोळा वर्षं मी भावच वाचले,
गुळाचे, कांद्याचे, हळकुंडाचे. मला जमणार होतं.

बाईचं नाव यादविगा.
छापणाऱ्यानं मध्ये जागा सोडली
आणि पत्रिकेवर आलं: यादवी गा.
कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ते चुकलेलंही वाटलं नाही.

ऑक्टोबर. नारायण पेठेतल्या शाळेचं सभागृह.
पियानो कॅम्पातून भाड्यानं आणलेला,
जिन्याच्या वळणावर हमालांनी तीनदा टेकवलेला.
तिनं पंखे बंद करायला लावले.
पंखे बंद केल्यावर पुण्यात जी शांतता पसरते
तिला निषेध म्हणतात.

मग ती आली. साठीची, अनवाणी,
काळा झगा, डाव्या गुडघ्याला पट्टा.
गायली असं म्हणवत नाही.
शब्द दातांत धरून हलवायची,
मांजर पिल्लाला धरतं तसं, की उंदराला,
कळायच्या आत सोडून द्यायची.
भाषेत श आणि च इतके
की ओल्या भाजीवर कुणी फोडणी ओतत असावं.
मध्येच मान हलवून ताक, ताक म्हणायची.
माझ्या कागदावर खाली टीप होती:
ताक म्हणजे हो.

पाचवं गाणं.
'मुलगी आईला हाक मारते आहे.
आई दार उघडत नाही.
आई घरात आहे.'
मी वाचलं, गुळाच्या भावासारखं,
आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मात्का! ती ओरडली.

मागून कुणीतरी हसलं.
आपल्याकडे त्या शब्दावर आकडा लावतात,
पानाच्या ठेल्यामागे, ओपन आणि क्लोज.
हसू खुर्च्याखुर्च्यांतून पुढे सरकलं, माझ्यापर्यंतही,
मी तोंड मिटून घेतलं एवढंच.

ती थांबली.
पियानोवाला पोरगा दोन सूर पुढे गेला होता, तो परत आला.
ती मंचाच्या कडेला बसली, पाय खाली सोडून,
आणि म्हणाली, मात्का.
पेन्सिल सापडत नाही तसं.
मात्का. ताप उतरत नसताना.
मात्का. पहिला नंबर आल्यावर, जिन्यातूनच.
मात्का. खोटं बोलायच्या जरा आधी.
मग नुसते ओठ. आवाज नाही.
बंद पंख्यांच्या त्या खोलीत
तो शेवटचा सगळ्यांना ऐकू गेला.
मागच्या रांगेतल्या माणसानं चष्मा काढला.
रडला बिडला नाही. पुसला, परत घातला.
गाणं संपलं तेव्हा तिचा हात वर होता,
ठोकण्याच्या आधीचा.

सहावं: 'हिवाळा. कावळे. कवी थकलेला आहे.'
एवढंच वाचायचं होतं.
उकिडव्यांनी विंगेतून माझ्याकडे बघितलं.
भाव वाढला होता.

नंतर आत तिनं दोन साबुदाणे वडे खाल्ले,
मिरच्या वेचून बशीच्या कडेला मांडल्या,
आणि माझ्या गळ्याला दोन बोटं लावून
काहीतरी म्हणाली, लांबलचक.
दुभाषा तोवर शेवटच्या बससाठी पळाला होता.

सहकारनगरात साडेदहा.
बेल न वाजवता मी दारासमोर उभी राहिले,
हात वर.
आतून टीव्हीचा आवाज, मग बंद.
आईचे गुडघे खुर्चीतून उठायला वेळ लावतात,
तो सगळा वेळ मी ऐकला.
"बेल आहे ना?" ती म्हणाली. "जेवलीस?
ताक ठेवलंय झाकून. घेणार?"

ताक, मी म्हटलं.

"अगं हो, ताकच. घेणार का ते सांग."