दोघींची अंडी

बोटीतून उतरलेला पाहुणा विचारतो,
ओरा भयंकर की ऑक्टोपस?
माझा भाऊ लुकमान बेचक्याची काठी वाळूत रोवून
पाठ केलेलं सांगतो:
हा दहा फुटी, तो हातभर.
याची जीभ दुभंगलेली, त्याला काळजं तीन.
हा तीस वर्षं जगेल, तो जेमतेम एक.
पाहुणे हसतात, फोटो काढतात.

अंड्यांचं तो सांगत नाही.

ओराची मादी रानकोंबड्यांनी रचलेला ढीग उकरते,
अंडी पुरते, तीन महिने वर पोट टेकून पडते,
आल्यागेल्यावर फुसकारते.
मग एका सकाळी उठून जाते.
पिल्लं फुटतात तेव्हा कुणी नसतं.
ती मातीतून निघून थेट झाडावर पळतात,
कारण खाली जो भेटेल तो खाईल.
कदाचित तीच.

दुसरी मी पाहिली धक्क्याखाली,
ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात.
नारळाच्या दोन करवंट्या ओढून आणलेल्या,
आत ती,
आणि तांदळाच्या कण्यांसारखी अंडी, माळेत.
मी खेकडा टाकला. शिवली नाही.
नुसती पाणी फुंकत राहिली
गरम भातावर फुंकावं तशी.
एकविसाव्या दिवशी करवंटी उघडी,
ती पांढरीफटक,
आणि मासे तिचा एकेक हात...
पुढचं नको.

"याला म्हणतात आई," लुकमान म्हणाला.

आमची तवाऊला गेली तेव्हा तो सात वर्षांचा.
ताडावर चढून बसला, दोन रात्री उतरला नाही.
पामच्या मळ्यातून ती दर ईदला पैसे धाडायची.
त्याचे पहिले बूट त्यातलेच.
मी म्हटलं, करवंटीतल्या पिल्लांना
बूट कुणी घेतले रे?
तो काठी उचलून निघून गेला.

आता ती परतलीय. गुडघे गेलेत.
संध्याकाळी मी ऑक्टोपस दगडावर आपटते,
चाळीस वेळा, मऊ व्हावा म्हणून,
ती शिडीच्या पायरीवर बसून मोजते.
घराच्या खांबांमधून एक ओरा जातो,
जड, सवयीचा.
ती पाय वर घेते, मोजणी चुकते,
पुन्हा एकपासून धरते.

"एकोणीस,"
आतून लुकमान म्हणतो,
"एकोणीस झाले होते."