अस्तर

व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्डात
मार्चमध्येही गॅरेजचं दार अर्धंच उचलतं.
वाकून आत जायचं. वेंडेल ट्रूएक्स वर बघत नाही,
स्टूल तेवढं पायाने सरकवतो.

लेथ माझ्या ओळखीचा.
ह्याच्या चुलत्यावर मी साताऱ्याच्या एमआयडीसीत
एकतीस वर्षं उभा होतो.
इथे मी मुलाकडे आलेला,
दुपारी काय करायचं ते न कळणारा माणूस.

पिस्तूल त्याच्या पणजोबाचं. एकबारी.
अक्रोडाच्या मुठीचा एक टवका गेलेला.
पणजोबाने हिच्यातून पाय मोडलेला घोडा मारला होता,
आणि दुसरं काय ते त्यांच्या घरात बोलत नाहीत.
हिच्या मापाची काडतुसं आता कुणी करत नाही.
म्हणून आतून एक बारीक पोलादी नळी बसवायची,
म्हणजे जत्रेतल्या बंदुकीएवढा घास
हिला गिळता येईल.

"लायनर," तो म्हणाला.
"अस्तर," मी म्हणालो, आणि माझ्या कोटाची
फाटकी आतली बाजू दाखवली.
त्याने तीनदा म्हणून पाहिलं.
अस्तर जमलं. नळी नाही जमली, ळ अडकला.

इंचाचा आठवा भाग म्हणजे आमच्याकडे सूत,
हेही सांगितलं.
पण सूत जुळतंसुद्धा, दोन माणसांचं,
एवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.
मायक्रोमीटर त्याने न मागता माझ्या हातात दिला.

अकरा दिवस गेले.
मधले दोन तर नुसते वाट बघण्यात,
चिकटवलेलं वाळतंय म्हणून.
नळीवरचा जुना आकडा त्याने घासला नाही.
खाली नवा ठोकला, लहान,
जरा तिरकाच बसला.

मग वाळूच्या खाणीत. पीचचा रिकामा डबा.
मी कानांवर हात घेऊन उभा.
टप्.

एवढंच.
शेजारचं कुत्रं उठलं नाही.
लोर्नाने खिडकीतून विचारलं, सुरू कधी करणार?
आमच्याकडे ह्याला फुसका बार म्हणतात,
पण वेंडेल हसत होता,
नळीला नाक लावून वास घेत होता
नातवंडाच्या टाळूचा घ्यावा तसा.

कारखान्यात माझी हाक तीन शेडपलीकडे जायची.
"गव्हाणकर ओरडला" म्हणून मशिनं थांबायची.
इथे सून ओठांवर बोट ठेवते,
बाळ झोपलंय, बाबा.
मीही हल्ली टप् एवढंच बोलतो.
लागतं कुठे, ते बघायला कधी गेलो नाही.

डबा मी घरी आणला.
नेम जरा खाली बसला होता, तळाशी.
सुनेने विचारलं नाही भोक कसलं.
माती भरली, धणे चुरडून टाकले,
म्हणाली, बरं झालं,
पाणी निघून जायला वाट हवीच होती.